बेडीचे अर्थकारण

मनोरुग्णाला बांधून ठेवणे हे क्रौर्य आहे, याविषयी आज दुमत नाही. परंतु या क्रौर्याच्या मुळाशी बहुधा दुष्टपणा नसून टंचाई असते. साऱ्या वॉर्डाचा भार एका परिचरावर टाकला, की दोरी आणि पट्टा हेच त्याचे मदतनीस होतात. बेडीला पगार द्यावा लागत नाही.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्यांना पळताही आले नाही. २८ मनोरुग्णांचा बळी गेला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने साखळदंडावर संपूर्ण बंदी घातली. कलम ९७ ने एकांतकोंडी निषिद्ध ठरविली. रुग्णाला वा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्गच नसेल, तेव्हाच मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने शारीरिक बंधनास मुभा राहिली. शिक्षा म्हणून बंधन नको, आणि केवळ कर्मचारी अपुरे म्हणूनही नको, असे हे कलम बजावते.

परंतु कायद्याने रिक्त पदे भरत नाहीत. इंग्लंडमध्ये हॅनवेलच्या मनोरुग्णालयात जॉन कॉनोली यांनी १८३९ मध्ये शेकडो रुग्णांची यांत्रिक बंधने दूर केली, तेव्हा त्यांची भिस्त पुरेशा व सहृदय परिचारकांवर होती. बंधन काढले, की त्याच्या जागी माणूस उभा करावा लागतो.

आणि बंधन केवळ रुग्णालयातच नसते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी या राज्यातील चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जिंतूर वा गंगाखेडच्या शेतमजुराला येरवड्याची एक खेप म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी. खेप चुकली की गोळ्या खंडित होतात, आजार उसळतो आणि हतबल घरच्यांच्या हाती दोरी येते. त्यांना निर्दय म्हणणे सोपे आहे. त्यांच्या तालुक्यात नियमित औषध पोहोचविणे कठीण.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू उपचार घराजवळ आणण्याचाच होता. तेव्हा परभणीने आपल्या अंदाजपत्रकांना विचारावयाचा प्रश्न साधा आहे: तालुक्याच्या रुग्णालयात गोळ्या अखंड मिळतात काय, आणि वॉर्डात रात्रपाळीला किती माणसे असतात? ही तरतूद टाळल्याने खर्च वाचत नाही. तो फक्त रुग्णाच्या मनगटावर टाकला जातो.