जपानी टपाल तिकिटांचा छंद

टपालाचीं तिकिटें जमविणारा मुलगा बहुधा सुरेख चित्राला भुलतो. ज्या तिकिटाचा रंग फिका, कागद हलका व कडा साध्या, तें तो बाजूला सारतो. जपानी तिकिटांचा संग्रह करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें ही संवय प्रथम सोडावी. कारण त्या देशाचा इतिहास दिसावयास गरीब अशा तिकिटांनींच अधिक स्पष्ट सांगितला आहे.

जपानांत सरकारी टपालाची नवी व्यवस्था इ. स. १८७१ मध्यें सुरू झाली. तिचा पाया माएजिमा हिसोका यांनीं घातला. पुढें एक येनच्या तिकिटावर त्यांचें चित्र आलें, तें याच कार्याच्या स्मरणार्थ. त्या वर्षींच्या एप्रिलांत समोरासमोर दोन नागासुर काढलेलीं चार किंमतींचीं पहिलीं तिकिटें निघालीं. एका ताम्रपटावर चाळीस तिकिटें असत व प्रत्येक हातानें निराळें कोरलेलें असे; म्हणून त्यांतील कोणतींही दोन तंतोतंत सारखीं नाहींत. या तिकिटांच्या कडेला छिद्रें नव्हतीं व पाठीला डिंकही नव्हता. पुढच्याच वर्षीं छिद्रें पाडण्याची सोय झाली.

इ. स. १८९४ मध्यें सम्राट मेइजी यांच्या विवाहास पंचवीस वर्षें झालीं, त्या निमित्तानें जपानचीं पहिलीं स्मारक तिकिटें निघालीं. त्यांवर सम्राटांचें मुख नाहीं. सोळा पाकळ्यांचें शेवंतीचें राजचिन्ह व क्रौंच पक्षी आहेत. राजमुखावर टपालाचा काळा शिक्का पडणें तेथें अनुचित मानीत. त्याच काळीं हिंदुस्थानच्या तिकिटांवर व्हिक्टोरिया राणीचें मुख असे, हें ताडून पाहण्याजोगें आहे.

ता. १ सप्टेंबर १९२३ रोजीं भयंकर भूकंप झाला आणि मागोमाग लागलेल्या आगींत टोकियो शहराचा मोठा भाग जळाला. तिकिटांचा सांठा व छापण्याचीं साधनेंही नष्ट झालीं. युवराजांच्या विवाहासाठीं छापलेलीं तिकिटें त्यांतच गेलीं. दूर पालाऊ बेटांकडे आधीं रवाना झालेलीं तेवढीं वांचलीं. तरी पत्रव्यवहार थांबूं नये म्हणून ऑक्टोबरांत खाजगी छापखान्यांकडून तिकिटें घाईनें छापून घेतलीं. त्यांना छिद्रें नाहींत, डिंकही नाहीं. पुढें १९४५ सालीं, महायुद्धाच्या अखेरीस, सामानाच्या टंचाईनें पुन्हां तशींच तिकिटें निघालीं.

छिद्रांची एक ओळ ती काय! परंतु १८७१ मध्यें ती नसणें हें आरंभाचें चिन्ह, १९२३ मध्यें दैवी आपत्तीचें, आणि १९४५ मध्यें मनुष्यानेंच ओढवून घेतलेल्या आपत्तीचें. पुढें १९४८ सालीं मोरोनोबु याचें मागें वळून पाहणाऱ्या स्त्रीचें चित्र व १९४९ सालीं हिरोशिगे याचें चंद्र व रानहंसांचें चित्र मोठ्या तिकिटांवर आलें. या दोहोंची शोभा कोणालाही कळते. पण त्यांच्या शेजारीं १९४५ चें साधें तिकीट लावलें, म्हणजे तीन-चार वर्षांत ते राष्ट्र कोठून कोठवर आलें तें कळतें.

आतां नवशिक्यांस दोन सूचना. तिकीट लिफाफ्यावरून ओरबाडूं नये. कागदासह कापून घ्यावें, थंड स्वच्छ पाण्यांत भिजवून सोडवावें व टीपकागदावर वाळवावें. वहींत तें डिंकानें चिकटवूं नये. कागदाच्या लहान बिजागरीनें बसवावें.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. प्रवाशांना विकण्यासाठीं जपानांत जुन्या तिकिटांच्या पुष्कळ नकला झाल्या. त्यांपैकीं अनेकांवर सान्को किंवा मोझो, म्हणजे नमुना किंवा नक्कल, असा अर्थ असलेलीं दोन बारीक अक्षरें असतात. कधीं शिक्क्याखालीं तीं झांकलीं जातात. म्हणून भिंगानें पाहावें. अशी नक्कल हातीं आली तर ती फेकण्याचें कारण नाहीं; तिच्याखालीं नक्कल असें स्पष्ट लिहून वहींत ठेवावी. परंतु नक्कल आहे हें ठाऊक असतां सोबत्याला अस्सल म्हणून ती बदल्यांत देणें ही चोरी होय, मग तिकीट दोन पैशांचें कां असेना.

पालकांना हा छंद पैशाची व वेळेची नासाडी वाटण्याचा संभव आहे. त्यांनीं मुलाच्या वहींत किती तिकिटें आहेत हें मोजूं नये. एखाद्या साध्या तिकिटावर बोट ठेवून, हें असें कां, एवढें विचारावें. मुलाला उत्तर देतां आलें, तर तो वेळ अभ्यासांतच गेला असें समजण्यास हरकत नाहीं.