जाळीतून गेलेले पाणी

पाऊस पडला की गल्लीतील पाणी रस्त्याकडेच्या जाळीतून खाली जाते आणि आपण ते विसरतो. पण ते जाते कुठे? घरातील सांडपाण्याची गटारे शुद्धीकरण केंद्राकडे जातात. पावसाच्या पाण्याची गटारे मात्र थेट खाडीत उघडतात. पर्वत पाटिया-लिंबायत भागातील मिठी खाडी पुढे मिंढोळा नदीला आणि मिंढोळा अरबी समुद्राला मिळते.

हे पाणी किती घाण आहे, हे कसे ठरवतात? पहिल्या पावसात रस्त्यांवरील तेल, धूळ, कचरा व जनावरांची विष्ठा एकदम वाहून येते. म्हणून पाऊस सुरू होताच व नंतर ठरावीक वेळाने नमुने घेतात. खाडीत भरतीचे पाणी मिसळत असल्याने भरती-ओहोटीची वेळही नोंदवतात. समुद्रस्नानायोग्य पाण्यासाठी आपल्या देशात ठरलेल्या मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम हवा आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतील जंतू १०० पेक्षा जास्त नकोत.

नुसता नमुना मात्र पुरत नाही. प्रवाहही मोजावा लागतो. समजा, एका नळातून सेकंदाला १ लिटर पाणी येते व दर लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम घाण आहे. दिवसाला सुमारे ९ किलो घाण झाली. दुसऱ्या नळाच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅमच घाण आहे, पण प्रवाह सेकंदाला १०० लिटर. तेथून दिवसाला सुमारे १७३ किलो! दिसायला स्वच्छ नळच जास्त घाण टाकतो.

एक परीक्षा मात्र प्रयोगशाळेशिवाय होते. भर उन्हाळ्यात पावसाळी नळ कोरडा हवा. तेव्हाही त्यातून काळे, वासाचे पाणी येत असेल, तर कुठेतरी सांडपाणी त्यात जोडले गेले असण्याचा दाट संभव असतो. मुलांनी खाडीत उतरू नये; असे पाणी दिसल्यास पालकांनी महानगरपालिकेला कळवावे. विश्वस्तांनीही शाळेच्या गटारांची जोडणी एकदा तपासून घ्यावी, ही विनंती.

जून २०२५ मध्ये खाडीला पूर आला तेव्हा तिचे पाणी आपल्या भागातील घरांत शिरले. आपण जाळीत जे टाकतो, ते समुद्रापर्यंत जाते आणि कधी आपल्याच उंबरठ्यावर परत येते. म्हणून जाळीत कचरा टाकू नका, टाकणाऱ्यालाही थांबवा.