सुवर्णपदक १.३१ गुणांचे

शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला कोण आला हे घड्याळ सांगते. भालाफेकीत कोण जिंकला हे टेप सांगते. पण दोन खेळाडूंनी पायांत स्केट्स बांधून, संगीताच्या तालावर, बर्फावर साडेचार मिनिटे उड्या मारल्या आणि गिरक्या घेतल्या, तर त्यांतला श्रेष्ठ कोण हे कोणत्या मोजपट्टीने ठरवायचे? आणि याहूनही अवघड प्रश्न असा, की स्पर्धेच्या आदल्या दिवशीच ‘अमुक जिंकेल’ असे भाकीत करायचे झाले, तर ते कशाच्या आधारे करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका गाजलेल्या सामन्याची आकडेमोड करणार आहोत. तेव्हा कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित यात फारसे नाही.

दोन प्रतिस्पर्धी

२०१० सालचे हिवाळी ऑलिंपिक सामने कॅनडातील व्हँकूव्हर शहरात झाले. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये दोन नावे सर्वांच्या तोंडी होती. एक रशियाचा येवगेनी प्लुशेन्को. हा २००६ सालचा ऑलिंपिक विजेता. दुसरा अमेरिकेचा इव्हन लायसाचेक. हा २००९ सालचा जागतिक विजेता.

प्लुशेन्कोच्या भात्यात एक जबरदस्त बाण होता. तो हवेत चार गिरक्या घेणारी उडी मारत असे आणि तिला जोडून लगेच तीन गिरक्यांची. लायसाचेकने मात्र त्या स्पर्धेत चार गिरक्यांची उडी मारलीच नाही. तीन गिरक्यांच्या उड्या, पण प्रत्येक स्वच्छ, अशी त्याची योजना होती.

स्पर्धा दोन भागांत होती. छोट्या कार्यक्रमात प्लुशेन्कोला ९०.८५ गुण मिळाले आणि लायसाचेकला ९०.३०. म्हणजे प्लुशेन्को अवघ्या ०.५५ गुणांनी पुढे. दुसरा भाग दीर्घ कार्यक्रमाचा. त्यात लायसाचेकने १६७.३७ गुण मिळवले आणि त्याची बेरीज २५७.६७ झाली. प्लुशेन्को सर्वांत शेवटी बर्फावर उतरला. वजाबाकी करून पाहा : पुढे जाण्यासाठी त्याला १६६.८२ हून अधिक गुण हवे होते. त्याला मिळाले १६५.५१. एकूण २५६.३६. सुवर्णपदक १.३१ गुणांनी गेले!

प्लुशेन्कोने आपली नाराजी लपवली नाही. चार गिरक्यांच्या उडीवाचून पुरुषांचे सुवर्णपदक मिळतेच कसे, असा त्याचा रोख होता. जगभर वाद झाला. आपण मात्र वादात न पडता गुणपत्रिका उघडून पाहू या.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत

त्याआधी थोडा इतिहास. फार वर्षे या खेळात परीक्षक ६ पैकी गुण देत. पण त्या गुणांची सरळ बेरीज होत नसे. त्यांवरून प्रत्येक परीक्षकाचा क्रम ठरे आणि बहुसंख्य परीक्षक ज्याला वरचा क्रम देतील तो पुढे जाई. १९८८ साली कॅल्गरीच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा ब्रायन बॉइटानो आणि कॅनडाचा ब्रायन ऑर्सर यांची अशीच झुंज झाली. शेवटच्या भागापूर्वी दोघांत इतके थोडे अंतर होते, की त्या भागात जो पुढे राहील त्याचे सुवर्ण. नऊ परीक्षकांपैकी पाच बॉइटानोच्या बाजूचे निघाले, चार ऑर्सरच्या. एका परीक्षकाचे मत फिरते, तर पदक फिरले असते.

पुढे २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे जोडी-स्केटिंगच्या निकालावरून मोठे वादळ उठले. एका परीक्षकावर दडपण आल्याचे उघड झाले आणि अखेर दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर २००४ साली आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवी पद्धत स्वीकारली. व्हँकूव्हरला हीच पद्धत वापरली गेली.

नव्या पद्धतीचे तीन भाग ध्यानात ठेवा.

पहिला, मूळ गुण. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला आणि पावलांच्या रचनेला किती गुण, हे आधीच छापलेले असते. २०१० साली चार गिरक्यांच्या ‘टो लूप’ उडीला ९.८ गुण होते, साडेतीन गिरक्यांच्या ‘ॲक्सेल’ला ८.२, तर तीन गिरक्यांच्या ‘लुट्झ’ला ६.०.

दुसरा, दर्जाचे गुण. उडी कशी मारली, किती उंच, किती सफाईने टेकली, यावर परीक्षक उणे ३ ते अधिक ३ पर्यंत श्रेणी देतात. (२०१८ पासून ही पट्टी उणे ५ ते अधिक ५ अशी झाली.)

तिसरा, सादरीकरणाचे गुण. स्केटिंगचे कसब, दोन उड्यांमधील दुवे, संगीताची जाण अशा पाच गोष्टींना तेव्हा १० पैकी गुण मिळत.

गणिताचा पेपर आणि निबंधाचा पेपर एकाच गुणपत्रिकेत बांधावा तसा हा प्रकार आहे, नाही का?

गुणपत्रिका उघडू या

आता दीर्घ कार्यक्रमाचे आकडे पाहा. सादरीकरणाचे गुण : लायसाचेक ८२.८०, प्लुशेन्को ८२.८०. अगदी सारखे! तेव्हा निबंधाच्या पेपराने या भागात कोणालाच पुढे नेले नाही.

मूळ गुण : प्लुशेन्को ७५.०३, लायसाचेक ७४.९३. फरक फक्त ०.१०. चार गिरक्यांची उडी मारूनही आघाडी एक दशांश गुणाचीच? हे कसे?

याचे उत्तर एका नियमात आहे. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात मारलेल्या उडीला तेव्हा मूळ गुणांच्या दहा टक्के जादा मिळत. कारण उघड आहे. दमलेल्या पायांनी उडी मारणे अधिक कठीण. प्रत्येकाला उड्यांच्या आठ संधी होत्या. लायसाचेकने त्यांतल्या पाच उत्तरार्धात ठेवल्या, प्लुशेन्कोने तीन. लायसाचेकच्या त्या पाचांचे मूळ गुण ३२.३, म्हणून जादा गुण ३.२३. प्लुशेन्कोच्या तिघांचे १५.३, म्हणून जादा गुण १.५३.

हे जादा गुण वजा करा. प्लुशेन्कोचे उरतात ७३.५०, लायसाचेकचे ७१.७०. म्हणजे अवघड उडीने प्लुशेन्कोला १.८० गुणांची आघाडी दिली होती आणि उड्यांच्या जागांनी त्यातले १.७० गुण परत घेतले! उडी कोणती, याइतकेच ती केव्हा, हेही महत्त्वाचे ठरले.

राहिले दर्जाचे गुण. लायसाचेक ९.६४, प्लुशेन्को ७.६८. फरक १.९६. कार्यक्रमात एकूण तेरा घटक होते. १.९६ ला १३ ने भागा. प्रत्येक घटकामागे ०.१५ गुण! एखादी उडी किंचित वाकडी टेकली, एखादी गिरकी थोडी संथ झाली, इतकाच हा फरक. असे कण साठून सोन्याचे रुपे झाले.

येथे एक सावधगिरी हवी. ‘जादा गुणांचा नियम नसता तर प्लुशेन्को ०.३९ गुणांनी जिंकला असता’ असे गणित सहज मांडता येते. पण नियम नसता तर दोघांनीही आपले कार्यक्रम वेगळे आखले असते. एक गोष्ट बदलली की बाकी सारे तसेच राहील, असे धरून चालणे हा तर्कातला नेहमीचा खड्डा आहे.

परीक्षकांची सोडत

आणखी एक मौज. व्हँकूव्हरला नऊ परीक्षक बसले होते, पण त्यांतल्या दोघांचे गुण संगणक सोडतीने बाजूला ठेवी. उरलेल्या सातांतले सर्वांत वरचे व सर्वांत खालचे गुण काढून पाचांची सरासरी घेतली जाई. टोकाचे गुण काढण्याचा हेतू चांगला आहे. एखाद्याने पक्षपाताने फार वर किंवा फार खाली गुण दिले, तर त्यांचा परिणाम कमी होतो. पण सोडतीचे काय?

समजा, एका उडीला नऊ परीक्षकांनी ०, १, १, १, १, २, २, २, ३ अशा श्रेणी दिल्या. सोडतीत दोन ‘२’ बाहेर गेले, तर पाचांची सरासरी १.२ येते. दोन ‘१’ बाहेर गेले, तर १.६ येते. उडी तीच, परीक्षक तेच, पण चिठ्ठी वेगळी! नवांतून दोन निवडण्याच्या ३६ रीती आहेत. म्हणजे एकाच स्केटिंगच्या ३६ वेगवेगळ्या बेरजा संभवतात. या सोडतीवर टीका झाली आणि पुढे ती बंद करण्यात आली. पण धडा कायमचा आहे : प्रत्येक मापनात काही अनिश्चितता असते. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने केसाची जाडी मोजू नये, तसे जवळजवळ सारख्या दोघांत फार मोठा भेद आहे असेही मानू नये.

भाकिते का चुकतात?

स्केटर कोणत्या उड्या मारणार याची यादी बरेचदा आधी कळते. तेव्हा मूळ गुणांची बेरीज करून भाकीत करणे सोपे वाटते. पण यादी म्हणजे कामगिरी नव्हे.

विज्ञान काय सांगते पाहा. शरीर साधारण ६० सेंटिमीटर वर गेले, तर उडी मारल्यापासून टेकेपर्यंत सुमारे ०.७ सेकंद मिळतो. तेवढ्यात चार गिरक्या घ्यायच्या, म्हणजे सेकंदाला साडेपाचांहून अधिक. त्यासाठी स्केटर हात छातीशी घट्ट आवळतो. कोनीय संवेग कायम राहत असल्याने शरीर आवळले की फिरण्याचा वेग वाढतो. आता हात आवळायला ०.०५ सेकंद उशीर झाला, तर पाव गिरकीच्या आसपास घोटाळा होतो आणि गुण कापले जातात. डोळ्याच्या एका उघडझापीपेक्षाही हा वेळ कमी आहे!

म्हणून मोठमोठी भाकिते कोसळतात. २०१८ साली दक्षिण कोरियातील प्याँगचांग येथे अमेरिकेच्या नेथन चेनकडून पदकाची अपेक्षा होती. छोट्या कार्यक्रमात तो घसरला, ८२.२७ गुणांवर सतराव्या स्थानी. दोन दिवसांत... नव्हे, दुसऱ्याच दिवशी त्याने दीर्घ कार्यक्रमात चार गिरक्यांच्या सहा उड्या घातल्या आणि २१५.०८ असे त्या भागातले सर्वाधिक गुण मिळवले. तरीही तो पाचवा आला. सुवर्ण गेले जपानच्या युझुरू हान्यूकडे.

चार वर्षांनी, २०२२ साली बीजिंगला पारडे फिरले. हान्यूची पहिलीच उडी चार गिरक्यांऐवजी एका गिरकीची झाली. त्याचे स्केट बर्फातल्या खाचेत अडकले होते. ९.७० मूळ गुणांच्या उडीचे झाले शून्य. हान्यू ९५.१५ गुणांवर आठवा, आणि चेन ११३.९७ गुणांवर पहिला. अखेर चेनने ३३२.६० गुणांनी सुवर्ण जिंकले, हान्यू चौथा राहिला. बर्फातली ती खाच कोणत्या यादीत लिहिलेली होती?

मग भाकीत करूच नये काय? अवश्य करावे, पण हवामान खाते करते तसे. ‘याला २५७ गुण मिळतील’ असे न म्हणता ‘बहुधा २४५ ते २६० च्या दरम्यान’ असे म्हणावे. त्या खेळाडूच्या मागील स्पर्धांतले गुण किती खालीवर होतात, यावरून हा पल्ला ठरवावा. दोन प्रतिस्पर्ध्यांचे पल्ले एकमेकांत मिसळत असतील, तर ‘सांगता येत नाही’ हेच सर्वांत शास्त्रीय उत्तर होय. व्हँकूव्हरला ते तसेच होते.

मोजपट्टी माणसे बनवतात, हेही विसरू नका. २०१० च्या हंगामापासूनच चार गिरक्यांच्या त्याच उडीचे गुण ९.८ वरून १०.३ केले गेले. उत्तरार्धातील जादा गुण २०१८ पासून दीर्घ कार्यक्रमाच्या शेवटच्या तीन उड्यांपुरते ठेवले. मोजपट्टी बदलली की खेळही बदलतो. लायसाचेकने त्या दिवशीच्या नियमांचा नीट अभ्यास केला होता आणि त्याप्रमाणे घाम गाळला होता. प्लुशेन्कोची उडीही खरीच होती. दोघांपैकी कोणीही खोटा ठरत नाही.

वर्गात करून पाहा

दोन विद्यार्थ्यांना तीन-तीन मिनिटे भाषण करू द्या. नऊ जणांनी एकमेकांना न दाखवता १० पैकी गुण लिहावेत. परीक्षकांच्या नावांच्या नऊ चिठ्ठ्या करून दोन उचला आणि त्या परीक्षकांचे गुण बाजूला ठेवा. उरलेल्यांतले सर्वांत वरचे व सर्वांत खालचे गुण काढून सरासरी घ्या. चिठ्ठ्या पुन्हा टाकून हे दहा वेळा करा आणि प्रत्येक सरासरी फळ्यावर मांडा. दोन वक्त्यांतला फरक मोठा, की चिठ्ठ्यांमुळे पडणारा फरक मोठा? दुसरा मोठा निघाला, तर पहिले बक्षीस दोघांत वाटून द्यायला गुरुजींची हरकत नसावी!