ऑल्नीचा गुरुवार आणि वाळूची पेटी

मिल्टन कीन्सच्या चौकटीदार रस्त्यांमधून आणि न संपणाऱ्या राउंडअबाउटमधून बाहेर पडून उत्तरेला गेलं, की ग्रेट ऊज नदीच्या काठी ऑल्नी लागतं. उंच सुळक्याचं जुनं दगडी चर्च, रुंद बाजारपेठ आणि एकमेकांना टेकून उभी असलेली घरं. आज हे गाव मिल्टन कीन्स शहराच्याच हद्दीत येतं. अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या घराघरातून लेस विणली जायची. पाच-सहा वर्षांच्या पोरी लेसशाळेत जाऊन बसायच्या. मांडीवर पिनांनी भरलेली उशी, तिच्यावरून लोंबणाऱ्या दोऱ्यांच्या कांड्या, आणि टाके मोजायला मदत व्हावी म्हणून एका सुरात म्हटलेली गाणी. आपल्याकडे जात्यावर ओवी, तशी तिकडे उशीवर ही मोजणीची गाणी.

या गावात 1764 साली जॉन न्यूटन क्युरेट, म्हणजे धाकटा पाळक, म्हणून आला. त्याआधी तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. त्या पापाविषयी त्याने जाहीरपणे लिहिलं ते फार उशिरा, 1788 साली. ऑल्नीत आल्यावर मात्र थोड्याच दिवसांत त्याने एक गोष्ट सुरू केली. लॉर्ड डार्टमथ यांचं एक मोठं घर गावात रिकामं पडलं होतं. तिथे तो दर गुरुवारी मुलांना जमवायचा, बायबलातली गोष्ट सांगायचा आणि मुलांच्या भाषेत त्यांच्याशी बोलायचा. आठवड्यात इतर दिवशी त्याच घरात मोठ्यांच्या प्रार्थनासभा भरत. त्या सभांसाठी न्यूटन आणि त्याचा शेजारी, कवी विल्यम कूपर, नवी गीतं लिहीत. शब्द असे, की दिवसभर कांड्या फिरवणाऱ्या बाईला ते एकदा ऐकून पाठ व्हावेत. 1779 साली ती गीतं ‘ऑल्नी हिम्स’ या नावाने पुस्तकात आली, एकूण 348. जगभर गायलं जाणारं ‘अमेझिंग ग्रेस’ त्यातलंच, 1773 च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी लिहिलेलं. त्याच महिन्यात कूपरचं मन पुन्हा ढासळलं, आणि न्यूटन दांपत्याने त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरात सांभाळलं. गुरुवारची मुलं आणि हा आजारी मित्र, या दोन्ही गोष्टी मला एकाच कामाच्या वाटतात.

त्या कामाला इंग्रजीत मोठं भारदस्त नाव आहे. मराठीत आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे: वळण. अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लागतं. ते शिकवता येत नाही, लावावं लागतं. त्याला वेळ, सवय आणि माणसं लागतात. अँग्लिकन पॅरिश, म्हणजे अमेरिकेत ज्याला एपिस्कोपल म्हणतात त्या पंथाची गावातली मंडळी, हे वळण लावण्याचं काम पाळण्यापासून अंथरुणापर्यंत कसं करते, हे मला मिल्टन कीन्समध्ये राहून हळूहळू कळत गेलं. मी त्या मंडळीची सभासद नाही. आजीच्या हरिपाठात वाढलेली मराठी बाई आहे. पण माझी मुलं इथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे याच अँग्लिकन पंथाच्या, प्राथमिक शाळेत गेली. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांपैकी साधारण पाव शाळा या पंथाशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे सुगीच्या सणाला घरातला तांदळाचा डबा चर्चमध्ये गेला, आणि नाताळच्या नाटकात आमची मुलगी मेंढपाळ झाली.

शाळेत महिन्यातून काही वेळा पॅरिशमधली आजी-आजोबा मंडळी येत. अंगावर चादरी, डोक्याला पंचा, हातात पुठ्ठ्याच्या तलवारी. बायबलातली एकेक गोष्ट नाटक करून दाखवायची आणि निघून जायचं. ‘ओपन द बुक’ नावाचा हा उपक्रम शेजारच्या बेडफर्डमध्ये सुरू झाला आणि देशभर पसरला. माझ्या मुलाला गोष्टीपेक्षा गोलिएथ झालेले आजोबा जास्त आवडत, कारण सुपरमार्केटमध्ये भेटले की ते त्याला नावाने हाक मारायचे. वळण लागतं ते बहुधा या हाकेमुळेच.

रविवारची शाळा इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांनी 1780 साली नावारूपाला आणली. पण याच बकिंगहॅमशर परगण्यात, हाय विकमला, हॅना बॉल नावाच्या बाईने 1769 सालीच ती चालवायला घेतली होती. आठवडाभर काम करणाऱ्या मुलांना अक्षर शिकायला फक्त रविवार मोकळा, इतकं साधं ते गणित होतं. पुढे मिशनऱ्यांबरोबर ही रविवारची शाळा महाराष्ट्रात आली. नगर, जालना, कोल्हापूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत आजही तिला शब्बाथशाळा म्हणतात.

मराठीचा आणि या मुलखाचा धागा त्याहून जुना आहे. मिल्टन कीन्सच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर पॉलर्सपरी नावाचं खेडं आहे. तिथे 1761 साली विल्यम कॅरे जन्मला. वडील पॅरिशचे कारकून आणि शाळामास्तर. पोरगा अँग्लिकन चर्चच्या सावलीत वाढला, चांभाराकडे उमेदवारीला लागला, पुढे बाप्टिस्ट झाला. ऑल्नीच्या बाप्टिस्ट मंडळीनेच 1786 साली त्याला उपदेशक म्हणून मान्यता दिली. 1793 साली तो बंगालला गेला. श्रीरामपूरला वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने त्याने 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश. ऑल्नीच्या रस्त्यावर चालताना माझ्या भाषेचं आरंभीचं छापील व्याकरण ज्याने रचलं तो याच दगडांवरून गेला असेल, हे मनात आलं की पाय आपोआप सावकाश पडतात.

मिल्टन कीन्स स्वतः मात्र कोवळं. 1967 साली सरकारने कागदावर आखलेलं शहर, मधली जुनी खेडी आणि त्यांची चर्चं पोटात घेऊन वाढलेलं. 2022 साली त्याला ‘सिटी’ हा दर्जा मिळाला. नव्या वस्त्यांमध्ये चर्च बांधायचं तर कुणाचं? अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, युनायटेड रिफॉर्म्ड, रोमन कॅथलिक, प्रत्येकाने वेगळी विटांची रास रचायची का? इथल्या पाळकांनी एकत्र राहायचं ठरवलं. शहराच्या मध्यभागी, सॅक्सन गेट रस्त्याजवळ, घुमट असलेलं ‘चर्च ऑफ क्राइस्ट द कॉर्नरस्टोन’ उभं राहिलं. 1992 च्या मार्चमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पाच पंथ, एक छप्पर. आपल्याकडे हे काम वेगळ्या रीतीने झालं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या आपापली नावं सोडून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. इथे नावं राहिली, भिंती गेल्या. अशा सामाईक चर्चांमध्ये कुमारवयीन मुलांचं दृढीकरण, म्हणजे आपली श्रद्धा स्वतः पक्की करण्याचा विधी, एकाच उपासनेत होतं. बिशप आणि इतर पंथांचे पाळक एकत्र उभे राहून डोक्यावर हात ठेवतात. पंधरा वर्षांच्या मुलीला त्या क्षणी कळतं, की आपण ज्यात शिरतोय ते घर आपल्या पॅरिशपेक्षा मोठं आहे.

मोठ्यांसाठी पुस्तकं आणि वर्ग पुष्कळ आहेत. 2016 साली ऑक्सफर्डचे बिशप झालेले स्टीव्हन क्रॉफ्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘पिल्ग्रिम’ हा अभ्यासक्रम तयार केला. एखाद्याच्या दिवाणखान्यात सहा-सात जण चहा घेत बसतात, एक उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचतात, मग बोलतात. मिल्टन कीन्स ऑक्सफर्डच्याच बिशपच्या अधिकारक्षेत्रात, म्हणजे डायोसीसमध्ये, येतं. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात असे गट गावोगाव भरतात. तो काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ऑल्नीत बायका एप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून, हातात तवा घेऊन बाजारातून चर्चपर्यंत धावतात. 415 यार्डांची ही पॅनकेक शर्यत 1445 पासूनची म्हणून सांगतात. शर्यत संपली की सगळे चर्चमध्ये उपासनेला बसतात. हसणं आणि पश्चात्ताप एकाच दुपारी आले तरी त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

म्हातारपणासाठीही हल्ली स्वतंत्र माणसं असतात. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात वाट पाहणारी हन्ना नावाची वृद्ध संदेष्टी आहे. तिच्या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे ‘अ‍ॅना चॅप्लन’ वृद्धाश्रमात जाऊन बसतात.

या सगळ्यात मला एक शंका होती. वळण लावता लावता माणूस वाकवला तर जात नाही ना? याच ऑक्सफर्ड डायोसीसमध्ये, वॉन्टेजच्या मठात राहत असताना, 1883 साली पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना वळण लावायची जबाबदारी सिस्टर जेराल्डीन यांच्यावर होती. दोघींची पत्रं वाचली की दिसतं, रमाबाई प्रत्येक शिकवणीला प्रश्न विचारत होत्या. चर्चच्या अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून मानणार नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मला आहे, असं त्या ठामपणे लिहीत. जेराल्डीनबाईंना ते फार जड गेलं.

म्हणून एका पॅरिशमध्ये मुलांचा ‘गॉडली प्ले’चा तास मी जाऊन पाहिला तेव्हा थक्क झाले. जेरोम बेरीमन या अमेरिकेतल्या एपिस्कोपल पाळकाने ही पद्धत घडवली. मूळ मारिया मॉन्टेसरींचं, मधे रोमच्या सोफिया कॅव्हालेत्ती. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे बालशिक्षण आदिवासी पाड्यांवर नेलं, त्याचं हे चुलत भावंड.

दारात एक बाई बसलेली. प्रत्येक मुलाला ती विचारते, तयार आहेस का? मग आत. मुलं गोल बसली. सांगणाऱ्या बाईंनी वाळूने भरलेली लाकडी पेटी मधे ओढली. खिशातून हाताच्या बोटाएवढी लाकडी माणसं काढली: अब्राहाम, सारा. वाळवंटात पाणी नसतं, वारा वाट पुसून टाकतो, काम असल्याशिवाय तिथे कुणी जात नाही, असं सांगत त्यांनी माणसं हळूहळू पुढे सरकवली. मागे वाळूत पावलांची रेघ उमटत गेली. जिथे देव जवळ आला असं वाटलं, तिथे दगडांची छोटी वेदी. निळ्या लोकरीची नदी. सगळा वेळ त्यांची नजर वाळूवर होती, मुलांवर नाही. त्यामुळे मुलंही वाळूकडेच पाहत होती.

गोष्ट संपली. आता तात्पर्य येईल म्हणून मी वाट पाहिली. त्याऐवजी त्यांनी विचारलं, कुठला भाग सर्वांत आवडला, आणि या गोष्टीत तू कुठे आहेस? मग गप्प बसल्या. बराच वेळ. एक मुलगा म्हणाला, मी तंबूत मागे राहिलेला आहे. बाईंनी मान हलवली, चूक किंवा बरोबर काहीच म्हणाल्या नाहीत. नंतर ज्याला जे हवं ते काम: कुणी रंग घेतले, कुणी माती. तो मुलगा पुन्हा पेटीजवळ जाऊन बसला, तळहाताने वाळू सारखी केली आणि एक लाकडी माणूस एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर, उभा करून त्याच्याकडे पाहत राहिला.