ओव्हरक्लॉकिंग: बायोसमधून की विंडोजमधून?

"प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय. बायोसमधून करू की विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने?" नवीन डेस्कटॉप जोडलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर मिळतं एका वाक्यात: "बायोसमधून कर, तेच बरोबर." हे उत्तर चुकीचं नाही. पण ते का बरोबर आहे आणि कुठे अपुरं पडतं, हे सहसा कोणी सांगत नाही. आज तेच बघू. माझं स्वतःचं काम रेणूंच्या सिम्युलेशनचं आहे, एकेक रन चार-चार दिवस चालते. त्यामुळे वेगाचा मोह मलाही कळतो.

आधी घड्याळ समजून घेऊ

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. एक बेस क्लॉक, जो आजच्या डेस्कटॉपवर साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो. दुसरा मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ, ५० केला तर ५ गिगाहर्ट्झ. इंटेल हा मल्टिप्लायर मुख्यतः नावात 'के' असलेल्या मॉडेलमध्ये मोकळा ठेवते. एएमडीच्या बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्ये तो मोकळा असतो, पण ५८००एक्स३डीसारखे अपवाद आहेत.

मल्टिप्लायरला कुलूप असेल तर? १९९८ साली आलेला सेलेरॉन ३००ए हे त्याचं गाजलेलं उदाहरण. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर बंद होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची होती. लोकांनी सरळ बस १०० वर नेली आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळू लागला. त्या काळात बऱ्याच मदरबोर्डवर असे बदल करायला बारीक जम्पर हाताने हलवावे लागत. ॲबिटसारख्या कंपनीने हीच सोय बायोसच्या मेनूत आणून दिली, म्हणून तिचे बोर्ड हौशी लोकांमध्ये लोकप्रिय झाले.

आता व्होल्टेज. घड्याळाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत ट्रान्झिस्टरच्या साखळीतून सिग्नल पलीकडे पोहोचला पाहिजे. ठोके जवळ आणले की तो वेळ कमी पडतो. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात आणि गणित पुन्हा जमतं. पण याची किंमत मोजावी लागते. पलटण्यात खर्च होणारी वीज वारंवारितेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.५ वरून ५ गिगाहर्ट्झवर जाताना व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. वेग वाढला ११ टक्के, वीज वाढली सुमारे ४१ टक्के. तेवढीच उष्णता आता कूलरला बाहेर काढायची आहे.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात

बायोस (आजच्या मशीनमध्ये खरं तर यूईएफआय असतं, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात) आणि विंडोजमधलं टूल हे काही दोन वेगळे ओव्हरक्लॉक देत नाहीत. प्रोसेसरच्या आत काही खास रजिस्टर असतात. मल्टिप्लायर किती, व्होल्टेजमध्ये फरक किती, विजेची मर्यादा किती, हे तिथे लिहिलं जातं. बायोस तिथेच लिहितं. इंटेलचं एक्सटीयू किंवा एएमडीचं रायझन मास्टर हेही शेवटी तिथेच पोहोचतात. एकाच किमती दिल्या तर वेग सारखाच मिळतो.

फरक आहे तो कधी लिहिलं जातं आणि चुकलं तर काय होतं, यात.

बायोस तुमची सेटिंग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवतं आणि मशीन सुरू होताना, ऑपरेटिंग सिस्टीम उठायच्या आधी लागू करतं. विंडोज असो, लिनक्स असो, हार्ड डिस्क बदललेली असो, सेटिंग तीच राहते. टूल मात्र विंडोज पूर्ण उठल्यावर कामाला लागतं. मशीन बंद झालं की रजिस्टरमधलं लिहिलेलं पुसलं जातं. टूलने पुढच्या वेळी ते पुन्हा लिहावं लागतं, आणि स्लीपमधून उठल्यावर ते जागेवर आहे का, हेही बघावं लागतं.

वरवर हा टूलचा तोटा वाटतो, पण प्रयोग करताना तोच फायदा ठरतो. तुम्ही मल्टिप्लायर जास्त ताणला आणि मशीन गोठलं, तर बटण दाबून बंद-चालू करा, सगळं पूर्ववत. फक्त 'सुरू होताना आपोआप लागू करा' हा पर्याय खात्री होईपर्यंत बंद ठेवा. नाहीतर विंडोज उठतं, टूल तीच वाईट सेटिंग लावतं, मशीन पुन्हा गोठतं आणि हे चक्र सेफ मोडमध्ये जाऊनच तोडावं लागतं.

बायोसमध्ये चूक झाली तर कधीकधी स्क्रीनवर काहीच येत नाही. बरेच बोर्ड काही प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर परततात. जे परतत नाहीत, त्यांच्यासाठी सीमॉस क्लिअर करायचा जम्पर असतो किंवा नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवावी लागते. अवघड काही नाही, पण कॅबिनेट उघडावं लागतं.

मेमरीची गोष्ट वेगळी. रॅमचा वेग आणि टायमिंग ठरवताना मशीन सुरुवातीलाच मेमरी ट्रेनिंग नावाची प्रक्रिया करतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या सिग्नलची वेळ जुळवून घेतं. एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल म्हणूनच बायोसमध्ये निवडलं जातं.

सॉफ्टवेअरची वाट अरुंद का झाली?

काही वर्षांपूर्वीपर्यंत लॅपटॉपवाले सर्रास अंडरव्होल्ट करायचे. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं कमी. वरचं वर्गाचं गणित आठवा: १.१० वरून १.०० व्होल्टवर आलात तर तेवढ्याच वेगाला सुमारे १७ टक्के वीज कमी लागते. लॅपटॉप थंड, पंख्याचा आवाज कमी. मग एक दिवस बायोस अपडेट आलं आणि अनेकांच्या टूलमधला तो स्लायडर हलेनासा झाला.

कारण होतं प्लंडरव्होल्ट. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्रात्झ आणि ल्युव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं, की हाच सॉफ्टवेअरचा दरवाजा हल्ल्यासाठी वापरता येतो. इंटेलच्या एसजीएक्स या तंत्राचं वचन असं होतं, की मशीनचा ॲडमिनही आतल्या सुरक्षित कप्प्यात डोकावू शकणार नाही. संशोधकांनी डोकावायचा प्रयत्नच केला नाही. कप्प्यात गणित चालू असताना त्यांनी व्होल्टेज नेमकं इतकं खाली आणलं, की मशीन बंद पडलं नाही, पण गुणाकार चुकला. त्या चुकलेल्या उत्तरांवरून त्यांनी गुप्त किल्ल्या शोधून काढल्या. इंटेलने मायक्रोकोड आणि बायोस अपडेटमधून हा दरवाजा बंद करायची सोय दिली. त्यामुळे ज्या मशीनवर सॉफ्टवेअरला व्होल्टेजपर्यंत पोहोचता येत नाही, तिथे बायोसने परवानगी दिली तरच काही होतं.

या प्रयोगातलं एक वाक्य लक्षात ठेवा: मशीन बंद पडलं नाही, पण गुणाकार चुकला. खाली त्याच्याकडे परत येऊ.

मग बायोसवर डोळे झाकून विश्वास?

तसंही नाही. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर एएमडीने नव्या फर्मवेअरमधून एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मेमरीचं प्रोफाइल निवडलं की काही बोर्ड हे व्होल्टेज आपणहून वर नेत होते. वापरणाऱ्याने निवडलं होतं फक्त मेमरीचं प्रोफाइल.

२०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरता दिसली. मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे त्यामागचं एक कारण निघालं. दुरुस्ती बायोस अपडेटमधूनच आली, पण आधी झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणून बायोसमधला 'ऑटो' हा शब्द दिसला की तिथे नेमका आकडा किती लागतोय, हे बघायची सवय लावा.

शांत चुका

आता त्या चुकलेल्या गुणाकाराकडे. बहुतेकांची समजूत अशी असते, की ओव्हरक्लॉक अस्थिर असेल तर मशीन गोठेल किंवा निळा स्क्रीन येईल. म्हणजे गोठलं नाही की झालं! पण बिनचूक आणि बंद या दोन टोकांच्या मधे एक पट्टा असतो. तिथे मशीन चालत राहतं आणि अधूनमधून एखादं उत्तर चुकीचं देतं, कसलीही तक्रार न करता. ईसीसी रॅमही इथे पुरत नाही. ती मेमरीतला पलटलेला बिट पकडते, प्रोसेसरच्या आत चुकलेली बेरीज नाही.

ओव्हरक्लॉकवाले ज्या प्राइम९५ने मशीन तपासतात, त्याचा इतिहास इथे बोलका आहे. तो प्रोग्रॅम मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्याच्या 'गिम्प्स' प्रकल्पाचा, जो १९९६ पासून चालू आहे. एका संख्येच्या चाचणीला दिवसच्या दिवस लागतात आणि एक बिट चुकला तरी सगळं वाया. म्हणून त्यात उत्तर आधीच माहीत असलेली गणितं करून पाहायची चाचणी ठेवली गेली.

आणि हे फक्त ताणलेल्या मशीनचं दुखणं नाही. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी आपापल्या डेटा सेंटरमधले असे प्रोसेसर नोंदवले, जे कंपनीच्याच सेटिंगवर गुपचूप चुकीची उत्तरं देत होते. मूळ सेटिंगमध्ये उत्पादकाने ठेवलेली सुरक्षिततेची जागा असूनही. ओव्हरक्लॉक करताना आपण तीच जागा खातो.

मग करायचं काय?

शोधायला टूल, कायम करायला बायोस. विंडोजमध्ये एका वेळी एकच गोष्ट, एकेक पायरीने बदला: मल्टिप्लायर एकने वाढवा, तपासा, तापमान लिहून ठेवा. जिथे चूक दिसते, तिथून एक-दोन पायऱ्या खाली या. मग ते आकडे बायोसमध्ये भरा, टूल काढून टाका आणि पुन्हा तपासा. दोन्हीकडून एकाच वेळी सेटिंग लावू नका, कोणाचं लागू झालंय ते कळत नाही.

तपासणी तुमच्या कामासारखी हवी. गेममध्ये तासन्‌तास टिकलेली सेटिंग एव्हीएक्स सूचना वापरणाऱ्या सिम्युलेशनमध्ये पाच मिनिटांत कोसळू शकते, कारण त्या सूचना वीज फार ओढतात. आणि ऋतूही बघा. एअर कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की चिपही साधारण तेवढीच वर सरकते. जानेवारीत पास झालेली सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात पुन्हा तपासायलाच हवी.

गेमसाठी हे सगळं खुशाल करा, मजा आहे त्यात. एक फ्रेम चुकली तर कोणाचं काही बिघडत नाही. पण ज्या मशीनवरचा आकडा उद्या प्रबंधात जाणार आहे, तिथे ११ टक्के वेग म्हणजे चार दिवसांच्या रनमध्ये जेमतेम साडेनऊ तासांची बचत. त्या साडेनऊ तासांसाठी उत्तरावरचा भरवसा द्यायचा का, हे ठरवा. माझ्या सिम्युलेशनच्या मशीनवर सेटिंग कंपनीचीच आहे.