नकोशा मालाची जहाजं

सप्टेंबर १९८६मध्ये ‘खियान सी’ नावाचं मालवाहू जहाज अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून निघालं. पोटात सुमारे चौदा हजार टन राख होती, शहराचा कचरा भट्टीत जाळून उरलेली. ती बहामाजमध्ये उतरवायची असं ठरलं होतं, पण बहामाजने नकार दिला. मग जहाज कॅरिबियन समुद्रात या बंदरातून त्या बंदरात फिरत राहिलं. १९८८च्या सुरुवातीला हैतीतल्या गोनाइव्हच्या किनाऱ्यावर त्यातली सुमारे चार हजार टन राख उतरली. कागदोपत्री ती ‘खत’ होती. खरा प्रकार कळल्यावर हैती सरकारने ती परत भरायला सांगितलं, पण तोवर जहाजाने नांगर उचलला होता. पुढे त्याने दोनदा नाव बदललं आणि उरलेली राख अटलांटिक व हिंदी महासागरात ओतली गेली.

या भटकंतीमागे साधा हिशेब होता. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात पर्यावरणाचे कायदे कडक झाले. विषारी कचरा पुरायचा किंवा जाळायचा खर्च वाढला, शिवाय आपल्या गावात कचराभूमी नको म्हणून लोक रस्त्यावर उतरू लागले. कचरा मात्र घटला नाही. जिथे कायदा ढिला आणि जागा स्वस्त, तिकडे तो निघाला. १९८८मध्येच नायजेरियातल्या कोको या बंदरगावात इटलीहून आलेली हजारो पिंपं सापडली. एका गावकऱ्याच्या परसातली जागा त्यांच्यासाठी महिना सुमारे शंभर डॉलर भाड्याने घेतलेली होती. नायजेरियाने आवाज उठवला, तेव्हा इटलीला माल परत न्यावा लागला. तो घेऊन निघालेल्या ‘कारिन बी’ जहाजाला मग युरोपातलीच बंदरं दार उघडेनात.

या प्रकरणांनंतर मार्च १९८९मध्ये बासेल करार झाला. घेणाऱ्या देशाच्या लेखी संमतीशिवाय घातक कचरा पाठवायचा नाही, हा त्याचा गाभा. आफ्रिकी देशांना तेवढ्याने समाधान नव्हतं; त्यांना पूर्ण बंदी हवी होती. श्रीमंत देशांतून गरीब देशांत घातक कचरा पाठवायला बंदी करणारी दुरुस्ती १९९५मध्ये संमत झाली, पण लागू व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला. अमेरिकेने मूळ करारावर सही केली, पण त्याला मंजुरी दिलेली नाही.

याच काळात श्रीमंत जगातला एक विचार चुकून उघडा पडला. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचं, डिसेंबर १९९१मधलं एक अंतर्गत टिपण फुटलं. विषारी कचरा सर्वांत कमी मजुरीच्या देशात टाकण्यामागचं आर्थिक गणित बिनचूक आहे, असा त्याचा सूर होता. ते उपरोधाने लिहिलं होतं, असा खुलासा नंतर झाला. पर्यावरणासाठीची रिओची वसुंधरा परिषद तेव्हा काही महिन्यांवर आली होती.

भारतापुढे हा प्रश्न जहाजांच्याच रूपाने आला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड. भरतीला जहाज वाळूत चढवायचं आणि पाणी ओसरलं की गॅस कटरने कापायचं, या पद्धतीवर १९८३पासून गुजरातमधलं अलंग उभं राहिलं. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारच्या मजुरांना तिथे रोजगार मिळाला, देशाला पोलाद मिळालं. सोबत अ‍ॅस्बेस्टॉस आणि तेलाचा गाळही आला. २००५च्या अखेरीस ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका अलंगकडे निघाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने निर्णय होईपर्यंत तिला भारतीय हद्दीत मज्जाव केला. फेब्रुवारी २००६मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यांनी, स्वतःच्या भारतभेटीला चार दिवस उरले असताना, तिला माघारी बोलावलं. शेवटी ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तोडली गेली.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. २००७मध्ये त्याच न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस असलेलं ‘ब्लू लेडी’ हे प्रवासी जहाज अलंगमध्ये तोडायला परवानगी दिली. कामगारांची रोजी आणि भंगारातलं पोलाद या गोष्टीही तराजूत होत्या.

बासेल करार होऊनही आफ्रिकेची सुटका झाली नव्हती. ऑगस्ट २००६मध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजानमध्ये ‘प्रोबो कोआला’ जहाजावरचा पाचशेहून अधिक टन विषारी गाळ शहराच्या आसपास ठिकठिकाणी ओतला गेला. हाच गाळ आधी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये उतरवायचा होता, पण तिथे विल्हेवाटीचा दर वाढवून सांगितला गेला. आबिजानमध्ये एक लाखाहून अधिक लोकांनी दवाखाने गाठले. तिथल्या सरकारने मृतांचा आकडा पंधरा सांगितला.

खरी उलथापालथ केली चीनने. जगभरचं टाकाऊ प्लास्टिक वर्षानुवर्षं विकत घेणाऱ्या या देशाने जानेवारी २०१८पासून चोवीस प्रकारच्या कचऱ्याला दार बंद केलं. कंटेनर मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळले आणि तिथूनही परतू लागले. २०१९मध्ये फिलिपिन्सने कॅनडाचे ६९ कंटेनर परत धाडले. त्याच वर्षी भारतानेही प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीची उरलीसुरली वाट बंद केली.

आता युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार नोव्हेंबर २०२६पासून ‘ओईसीडी’ या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशांना प्लास्टिक कचरा पाठवता येणार नाही. चीनने दार लावल्यावर युरोपातलं असं प्लास्टिक मोठ्या प्रमाणात घेणारा तुर्किये मात्र ‘ओईसीडी’चा सदस्य आहे.

आणि गोनाइव्हची राख? तिथे बारा वर्षं पडून राहिल्यावर ती २०००मध्ये उचलली गेली. फ्लोरिडात एका बार्जवर तिने आणखी दोन वर्षं काढली. २००२मध्ये ती पेनसिल्वेनियात, ज्या राज्यातून निघाली होती तिथेच, पुरण्यात आली.