पुनर्विकासाची योजना आणि निवारणाचा रकाना

शहरातील जुनी पेठ, वस्ती किंवा नदीकाठ मोडून नव्याने बांधण्याची योजना निघाली की तिच्या कागदपत्रांत एक कोष्टक हटकून असते. डाव्या रकान्यात योजनेमुळे होणारी हानी व उजव्या रकान्यात तिचे निवारण. धूळ उडेल, पाणी शिंपडण्यात येईल. झाडे तुटतील, नवी लावण्यात येतील. सांडपाणी वाढेल; त्यावर प्रक्रिया करण्यात येईल. डाव्या रकान्याने उत्पन्न झालेली धास्ती उजव्या रकान्याने निवते आणि आपण कागद मिटून ठेवतो. तो मिटण्यापूर्वी उजवा रकाना कसा पारखावा, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हे काम तज्ज्ञांचे, आपला त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु कायद्याची रचना पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक केली; पण धरण किंवा खाण यांसाठी जी जनसुनावणी घ्यावी लागते, तीतून इमारती व नगरवसाहती यांना वगळले. म्हणजे ज्यांच्या दारात खोदकाम व्हायचे, त्यांना आधी विचारण्याचे बंधन नाही. मात्र त्याच अधिसूचनेने एक दार उघडे ठेवले आहे. परवानगीतील अटी कितपत पाळल्या, याचा अहवाल प्रकल्पचालकाने दर वर्षी 1 जून व 1 डिसेंबर रोजी सादर करावयाचा असून तो सार्वजनिक कागद मानलेला आहे. कोणाही नागरिकाने अर्ज केल्यास त्याची प्रत मिळते. ती मागणारा व समजून वाचणारा नागरिक मात्र हवा.

पारख करताना पहिली गोष्ट पाहावयाची ती उपायांचा क्रम. हानी मुळातच टाळणे हे सर्वांत उत्तम. टाळता येत नसेल तर कमी करणे. झालेली दुरुस्त करणे. आणि सर्वांत शेवटी भरपाई. भरपाई स्वस्त व दिसायला देखणी असल्यामुळे कागदावर तीच पुढे येऊन बसते. झाडांचेच पाहा. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत असे ठरले. नियम चांगला आहे. तरी पन्नास रोपे म्हणजे पन्नास वर्षांचा एक वड नव्हे. परभणीच्या वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हात आज सावली हवी असणाऱ्या माणसाला वीस वर्षांनी येणाऱ्या सावलीचा काय उपयोग? म्हणून प्रथम विचारावे की, रस्त्याची आखणी थोडी वळवून ते झाड वाचविता आले नसते का? मग विचारावे की, रोपे कोठे लावणार, चैत्र-वैशाखात त्यांना पाणी कोण घालणार, आणि तीन वर्षांनी जगलेली झाडे कोण मोजणार?

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा. ‘योग्य ती काळजी घेण्यात येईल’ हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही, कारण ते कशालाच बांधलेले नसते. हवेतील सूक्ष्म धुळीसाठी 2009 च्या राष्ट्रीय मानकांनी 24 तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरास 100 मायक्रोग्रॅम अशी घातली. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी धूळ किती होती, काम चालू असता किती आहे, ती कोण मोजतो, आणि मर्यादा ओलांडल्यास काम थांबणार की नाही, ही चार उत्तरे नसतील तर पाणी शिंपडण्याचे आश्वासन व्यर्थ होय. शिवाय पाणी कोणते? ज्या गावात उन्हाळ्यात नळाची वाट पाहावी लागते, तेथे पिण्याचे पाणी धुळीवर शिंपडणे म्हणजे एक हानी निवारण्यासाठी दुसरी करणे. तेथे प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरावे, अशी अट हवी.

तिसरी कसोटी अधिक सूक्ष्म आहे: हा उपाय स्वतःच्या पायावर उभा आहे, की दुसऱ्या योजनेच्या खांद्यावर? पुण्याचे उदाहरण यासाठी बोधप्रद आहे. मुळा-मुठेचा सुमारे 44 किलोमीटरचा काठ नव्याने घडविण्याची योजना तेथे निघाली. पण काठ कितीही सुशोभित केला तरी नदीत मैला वाहत असेल तर तेथे बसणार कोण? नदीशुद्धीची योजना वेगळी होती. जपानच्या कर्जसाहाय्याने 11 शुद्धीकरण केंद्रे, रोजची एकूण क्षमता 39 कोटी 60 लाख लिटर, अशी ती 2016 च्या जानेवारीत मंजूर झाली. तिची आणि काठाच्या पहिल्या 9 किलोमीटरांची पायाभरणी मात्र 6 मार्च 2022 या एकाच दिवशी झाली. मंजुरी आणि पहिला दगड यांत सहा वर्षे गेली. शुद्धीकरण आधी व शोभा नंतर, हा क्रम अटीतच लिहिलेला नसेल, तर निवारण मागे राहते आणि बांधकाम पुढे जाते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

परभणीस 2011 साली महानगरपालिका झाली. जुनी घरे पडून मजले चढणे आता अटळ आहे, आणि ते थांबवावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण पाडलेल्या घरांची माती व विटा कोठे जाणार, हे आधी ठरले नाही तर त्या नाल्यात जातील. आणि नाला बुजला की पावसाळ्यात पाणी सखल वस्तीत शिरेल. तेथे राहणाऱ्यांना नव्या इमारतीत बहुधा घर नसते. लाभ एकाचा व उपद्रव दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होऊ नये यासाठीच निवारणाची सगळी खटपट आहे. उजव्या रकान्यातील प्रत्येक ओळीपुढे काय, किती, केव्हा, कोण आणि न केल्यास काय, हे पाच शब्द लिहून पाहावेत. ज्या ओळीस पाचांची उत्तरे मिळतील ती अट होय. बाकीच्या निव्वळ शुभेच्छा समजाव्यात.